उसाच्या लग्नात फोरमनची मिशी

सुंबरवारू,
गळीत सुरू झाल्यानंतरचा दुसरा शुक्रवार

तीर्थरूप दाजी आणि ताई,

ईदेला तुमच्या गुडघ्यांवर टेकवतो तसंच या सर्वोनोचं डोकं इथूनही टेकलं आहे असं समजून घ्यावं.

बाळंतीण लेकीची, एंदांगची तब्येत कशी आहे? बाळ रात्रीचं झोपू देतं का? लांपुंगचं पाणी ताईला मानवलं का, आणि दाजी, बोटीत धरलेली तुमची कंबर सुटली का? बाळाचं जावळ तुम्ही स्वतःच्या हाताने काढलं असेलच. आजोबाच न्हावी म्हटल्यावर नातवाने आणखी काय मागावं? इकडची मुळीच काळजी करू नये. दुकान ठीक आहे. खुर्ची ठीक आहे. आरसाही ठीक आहे. गावाबद्दल मात्र जरा सविस्तर लिहावं लागेल.

निघताना तुम्ही मला किल्ली दिलीत आणि सांगितलंत की रोज दार उघडायचं, झाडायचं, कोणी आलं तर कॉफी पाजायची आणि कात्रीला हात लावायचा नाही. तुमच्या सांगण्यातल्या पहिल्या तीन गोष्टी मी तंतोतंत पाळल्या. चौथीचं असं झालं की तुम्ही अगदी नको त्या वेळी गेलात. (बाळाला वेळ कळत नाही हे मला कबूल आहे.) गळिताच्या तोंडावर आपल्या गावात काय होतं ते तुम्हाला मी सांगायला नको. कारखाना बंद असतो तोवर गावाला झोप लागलेली असते, दाढ्या वाढतात, माणसं बनियनवरच बाजाराला जातात. आणि पहिल्या दोन उसांना नवरा-नवरी करून चरकात सोडायचं ठरलं, उसाच्या लग्नाची तारीख लागली की सगळ्यांना एकदमच आठवतं की आपल्याला डोकं आहे आणि त्याच्यावर केस आहेत. साहेब सुराबायाहून येणार, फोटो निघणार, हंगामी लोकांची भरती व्हायची. तुमच्याशिवाय दुसरा न्हावी म्हणजे बसने तासभर लांब, आणि ती बससुद्धा कधी सुटेल हे ड्रायव्हरच्या बायकोच्या मनावर.

सुरुवात तुकिरानमामांनी केली. (बॉयलरवरून निवृत्त झालेले, तेच.) त्यांना मी तीन वेळा ओरडून सांगितलं की दाजी गावाला गेलेत. बॉयलरने त्यांचे कान कधीच खाल्लेत, त्यामुळे त्यांनी ऐकलं ते असं की दाजी आत जेवतायत. ते खुर्चीत बसून राहिले आणि झोपले. दुपारी जागे झाले आणि डोळे न उघडताच म्हणाले, "झाले का रे?" आता इतका वेळ वाट पाहिलेल्या म्हाताऱ्याला तशाच डोक्याने घरी कसं पाठवायचं? मी उजव्या कानावरचे थोडेसे काढले. मग डावीकडचे थोडे जास्त वाटले म्हणून तिकडचे काढले. मग उजवीकडचे जास्त वाटले. दाजी, तुमच्या धंद्यात थांबायचं कुठे हे कोणी आधी सांगत नाही. शेवटी मामांच्या डोक्यावर मधोमध एक बेट राहिलं. मामा आरशात बघून म्हणाले, "कास्मुरीचा हात आता थरथरायला लागला वाटतं. वय झालं बिचाऱ्याचं." तुमचं नाव खराब झालं याचं मला वाईट वाटलं, पण माझं वाचलं याचंही थोडं बरं वाटलं. लपवत नाही.

त्यानंतर गाव लोटलं. मी नाही म्हणायचो आणि ते खुर्चीत बसायचे. जो तो म्हणायचा, "मामांसारखं करू नकोस म्हणजे झालं." मी कोणाचंही मामांसारखं केलं नाही. प्रत्येकाचं वेगळं झालं. आठवड्याभरात सुंबरवारूच्या बाजारात काळ्या टोप्या संपल्या. मशिदीत इतकी टोपीबंद गर्दी इमामसाहेबांनी जन्मात पाहिली नव्हती. गावाला धर्म आठवला म्हणून ते गहिवरून बोलले, आणि त्यांना खरं सांगायची कोणाची छाती झाली नाही.

आता हार्जितो फोरमनचं सांगतो. (ताईला खाली बसायला सांगा.)

उसाच्या लग्नात यंदा नवरदेवाचा बाप म्हणून मिरवायचा मान त्यांचा होता, आणि त्यासाठी मिशी कोरून घ्यायला ते दुकानात आले. ती मिशी तुम्ही जपलेली आहे. कारखान्यात लोक फोरमनला भीत नाहीत, मिशीला भितात. ती उजवीकडे हलली की पगार कापला आणि डावीकडे हलली की रजा नामंजूर. मी म्हटलं, साहेब, दाजी नाहीत. ते म्हणाले, "टोकं तर कापायची आहेत. तुला यंदा हंगामाला लागायचंय ना?" मी कात्री धुतली, मनात तुमचं स्मरण केलं, श्वास रोखला आणि डाव्या टोकाला कात्री लावली. अगदी त्याच घटकेला भोंगा वाजला. सहा महिने मुका असलेला भोंगा, दाजी! त्याची चाचणी घ्यायची होती, आणि ती त्याच वेळी घ्यायचा हुकूम सुटला होता. हुकूम कोणाचा? खुर्चीत बसलेल्याच गृहस्थांचा.

अर्धी मिशी मांडीवर पडली.

मग उजवी बाजू डावीच्या मापाची करायचा प्रयत्न केला. मग डावी उजवीच्या मापाची. शेवटी नाकाखाली माशी बसावी एवढंच उरलं, तेव्हा साहेब डोळे मिटून म्हणाले, "काढ." मी वस्तरा घेतला. मिशीखालून जो ओठ निघाला तो हुबेहूब त्यांच्या धाकट्या बहिणीचा, कँटीनवाल्या श्रीयातूनबाईंचा. असा मऊ ओठ घेऊन या माणसाने वीस वर्षं लोकांना कसं घाबरवलं, याचं मला आश्चर्य वाटलं. साहेब आरशापुढे खूप वेळ बसले. मी कॉफी विचारली. तीही नको म्हणाले.

लग्नाच्या सकाळी मी गर्दीत अगदी मागे उभा होतो. फाटकाशी गलका झाला म्हणून गेलो, तर कामिदी वॉचमन हार्जितोसाहेबांना आत सोडेना. साहेबांनीच मागच्या वर्षी नियम काढला होता की पासवरचा फोटो आणि तोंड जुळल्याशिवाय कोणालाही आत घ्यायचं नाही. त्या नियमापायी कामिदीने स्वतःच्या सासऱ्याला बाहेर उभं केलं होतं आणि बायकोने त्याला महिनाभर नुसता भात वाढला होता. तो सगळा भात त्या सकाळी वसूल झाला.

"अरे, मी हार्जितो!"

"असाल, साहेब. पण फोटोत मिशी आहे."

"माझा आवाज ओळखत नाहीस?"

"आवाज तर ओळखीचाच आहे. पण पासवर आवाज चिकटवलेला नाही."

"तुझी नोकरी घालवीन!"

"आत आल्यावर घालवा, साहेब. बाहेरून जात नाही ती."

भजी तळणाऱ्या बायका पदर तोंडात धरून हसत होत्या. मी तिथून सटकलो आणि आत गेलो. (माझ्या गेल्या हंगामाच्या पासवर माझंच तोंड होतं.)

आत मोठीच पंचाईत. मुहूर्त सरत चाललेला, दोन्ही ऊस नटून तयार. नवरदेव बागुस आणि नवरी रोरो, दोघांना फुलांच्या माळा, जरीची वस्त्रं. नवरीची आई म्हणून श्रीयातूनबाई रोरोला कडेवर घेऊन उभ्या, आणि नवरदेवाला बापच नाही. सुराबायाचे साहेब घड्याळाकडे बघून तापले. म्हणाले, या कामगारांतलाच कोणीतरी घ्या, आणि आधी टोप्या काढा, फोटोत तोंडं दिसू द्या. मग दाजी, दीडशे टोप्या एकदम निघाल्या.

अशी शांतता मी बॉयलर फुटल्यानंतरही पाहिली नव्हती. साहेबांनी या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिलं आणि हळूच विचारलं, "गावात विषमज्वराची साथ येऊन गेली का?" सगळं गाव माझ्याकडे बघायला लागलं. साहेबांनीही पाहिलं, आणि त्यांना एवढंच दिसलं की या माणसाचे केस जागच्या जागी आहेत. (स्वतःचे स्वतःला कापता येत नाहीत म्हणून राहिले होते. तुमचं सुगंधी तेल लावलं होतं, थोडंसंच.) ते म्हणाले, "तो. तो होईल बाप."

असा मी बिनलग्नाचा माणूस छत्तिसाव्या वर्षी एकदम उपवर मुलाचा बाप झालो. बागुस माझ्यापेक्षा हातभर उंच. मिरवणूक निघाली, ढोल वाजायला लागले, आणि त्याचा शेंडा वाकून श्रीयातूनबाईंच्या अंबाड्यात अडकला. मी सोडवायला गेलो तर आणखी गुंतला. त्या मान न वळवता म्हणाल्या, "व्याही, मुलाला आवरा. लग्नाआधीच सासूच्या डोक्यावर चढतोय."

मी म्हटलं, "विहीणबाई, पोरगा गरीब आहे, फक्त उंच आहे."

"आणि बाप?"

"बाप उंचही नाही."

त्या हसल्या. त्यांच्या नवऱ्याला जाऊन पाच वर्षं झाली. कँटीनच्या खिडकीतून मी त्यांच्या हातचं किती वेळा जेवलो असेन, पण त्यांना हसताना पाहिलं नव्हतं. बहुधा मी ताटाकडेच बघत असेन. मग आम्ही दोघांनी मिळून बागुस आणि रोरोला चरकात सोडलं. चरक फिरला, रस आला, लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि बाईंनी डोळे पुसले. मी विचारलं तर म्हणाल्या, "चिपाडाची धूळ." तेव्हा अजून चिपाड पडायचं होतं. मी नुसता शेजारी उभा राहिलो.

तेवढ्यात हार्जितोसाहेब आले. बहिणीच्या कँटीनच्या मागच्या दाराने, पातेल्यांमधून, पँटला मिरचीची चटणी लागलेली. त्यांनी मला त्यांच्या जागेवर उभं पाहिलं. मिशी नसल्याने राग कुठल्या बाजूला हलतोय ते कळेना, पण शब्द कळले. म्हणाले, "माझी मिशी परत येईस्तोवर तू या कारखान्यात पाऊल टाकायचं नाहीस."

त्यामुळे यंदाचा हंगाम माझ्यासाठी दुकानातच आहे. लोक येतात. बरेचसे ती गोष्ट ऐकायला येतात आणि ऐकता ऐकता केस कापून घेतात. मी आता एका बाजूने सुरू करून दुसऱ्या बाजूला थांबायला शिकलो आहे. गाव आम्हा दोघांना व्याही-विहीण म्हणूनच हाक मारतं. विहीणबाई दुपारी केळीच्या पानात भात आणि सोयाबीनचं तेंपे पाठवतात, कधी स्वतःच आणतात. भाऊ बघेल म्हणून बसत नाहीत. उभ्या उभ्याच बराच वेळ बोलतात.

तर एकंदरीत इकडे सर्व कुशल आहे. तुम्ही सावकाश या. घाई मुळीच करू नये. ताईला आणि एंदांगला आठवण, बाळाला पापा.

तुमचा आज्ञाधारक (चौथी आज्ञा वगळून),
सर्वोनो

ता. क. सावकाश या असं वर लिहिलं आहे, ते खोडलं असं समजावं. मिळेल त्या फेरीबोटीने निघा.

दुसरा ता. क. कारण असं की माझ्या बाजूने बोलायला वडीलधारं असं तुम्हीच आहात. मुलीकडच्यांच्या घरी तुम्ही आणि ताईने रीतसर जाऊन शब्द टाकायला हवा. मुलगी कोण हे तुमच्या लक्षात आलंच असेल. तिच्या घरचा कर्ता म्हणजे तिचा मोठा भाऊ, आणि त्याच्यासमोर मला जाता येत नाही, कारण मिशी अजून नीट आलेली नाही. रोज सकाळी मी फाटकाशी लांबून बघतो. फार हळू वाढते आहे. दाजी, हार्जितोसाहेबांचा तुमच्यावर विश्वास आहे. तुमच्या हाताने त्यांची एकदा दाढी झाली की ते काहीही कबूल करतील.

तिसरा ता. क. दाजी आणि ताईंना श्रीयातूनचा नमस्कार. पोस्ट कँटीनच्या वाटेवर आहे म्हणून यांनी हे पाकीट टाकायला माझ्याकडे दिलं. डिंक नीट लागला नव्हता. यांनी लिहिलंय त्यातलं बरंचसं खरं आहे, फक्त तेल थोडंसं नव्हतं, आख्ख्या मिरवणुकीला वास येत होता. दादाचं मी गेल्या रविवारीच विचारून घेतलं आहे. तो हो म्हणाला. मिशी गेल्यापासून वहिनी त्याच्याशी फार गोड बोलते, त्यामुळे तो ती ठेवणारच नाही, रोज घरी काढतो. यांना दिसते ती चुलीची काजळी असते, फाटकावर पासच्या फोटोशी तोंड जुळावं म्हणून लावलेली. तुम्ही बाळाला सोडून घाईने निघू नका. आणि यांना एवढ्यात काही कळवू नका. घाबरलेले असले की केस फार सरळ कापतात.