बुलेटवरची सुमन

शाहूपुरी, कोल्हापूर
१८ जानेवारी २०२५

आदरणीय उन्मेष सर,
नमस्कार. मैथिलीवहिनींचा खोकला कमी झाला का? माझ्या प्रबंधाचं चौथं प्रकरण लिहून झालंय. तुमच्या बढतीचे पेढे विभागात सगळ्यांनी खाल्ले. मीही खाल्ला.

मग तुमचा पेपरातला लेख वाचला आणि डोकंच फिरलं.

सूतगिरणीतल्या चिमणाबाईंचं नाव तुम्ही बदललंत, ‘सुमन’ केलंत. नियमच आहे आपला. आणि पुढच्याच ओळीत काय लिहिलंत? ‘नवऱ्याच्या माघारी त्याचीच बुलेट चालवत कामावर येणारी सुमन सांगते, सुपरवायझर अंगाला हात लावतो.’ अहो सर, अख्ख्या तालुक्यात बुलेटवरून कामाला जाणारी बाई दुसरी आहे कोण? गेटवरच्या वॉचमननंसुद्धा ओळखलं. चिमणाबाईंना कामावरून काढलं. वर गिरणीवाले म्हणतात, बाई खोटारडी आहे. सोमवारी चौकशी आहे.

मी फोन केला, चौकशीत ऐकवायला त्यांच्या मुलाखतीचं रेकॉर्डिंग द्या म्हटलं. तुम्ही म्हणालात, “क्रांती, संशोधनात गोपनीयता पाळावी लागते.” आत्ता आठवली होय गोपनीयता? चिमणाबाईंना सांगितलं, तर त्या कडाडल्या, “माझंच बोलणं हाय न्हवं? मग मला न्हाय म्हणणारं ह्ये कोण? आण की तुझ्या सरास्नी हिकडं!”

त्यानंतर तुम्ही फोनच उचलत नाही. का ते कळलंय मला. गिरणीचे चेअरमन तुमच्या नव्या अभ्यास केंद्राला जागा देणार आहेत.

सर, मोर्चात तुम्ही पहिल्या रांगेत असायचात. तुमची भाषणं ऐकूनच मी शाळेतली नोकरी सोडून पीएचडीला आले. त्या बाईंनी तुम्हाला घरात घेतलं, रस्सा-भाकरी वाढली, ते माझ्या शब्दावर. लाज वाटते हो मला आता त्यांच्या दारात जायला.

माझ्या प्रबंधावर तुमची सही व्हायची आहे, हे ठाऊक असून लिहितेय. नाही केलीत तर नका करू.

सोमवारी रेकॉर्डिंग घेऊन या. नाही आलात, तर मी साक्ष देईन. त्या बोलत होत्या तेव्हा तुमच्या शेजारीच बसले होते मी, सगळं ऐकलंय. आणि तिथं माझं नाव विचारतील तेव्हा खरं सांगेन.

तुमच्या लेखातली ‘एक स्थानिक कार्यकर्ती’,
म्हणजे
क्रांती सयाजी चौगुले,
मुक्काम मुरगूड, तालुका कागल