बँकॉकच्या गणपतीची नजर

२७ जुलै, रविवार. पेण.

परवा लिहिलं ते चूक आहे. मी लिहिलं होतं की बँकॉकच्या मराठी मंडळाच्या शुभदाताईंनी दादाला तिकडे बोलावलंय. ताईंनी दादाचं नाव घेतलंच नव्हतं. फोन स्पीकरवर होता आणि मी समोर बसून एका मूर्तीच्या मुकुटाला सोनेरी लावत होते. त्या म्हणाल्या, "जे डोळे आखतात त्यांनाच पाठवा." बाबा म्हणाले, "पाठवतो की. आमचा मुलगाच आखतो."

मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "मेघू, रंग सांडतोय."

सांडत नव्हता.

परवा खरं का लिहिलं नाही? बाबा खोटं बोलले हे माझ्या अक्षरात उरायला नको, म्हणून. आता उरू दे.

२९ जुलै, मंगळवार

मागच्या वर्षी बँकॉकच्या मराठी मंडळाच्या मूर्तीचे डोळे इथेच आखून पाठवले होते. मीच आखले, नेहमीच्या चौरंगाच्या हिशोबाने. तिथे त्यांनी मूर्ती उंच स्टेजवर बसवली. नजर सगळ्यांच्या डोक्यांवरून गेली. ताईंचा मेसेज आला होता, "बाप्पा सुंदर आहेत, पण आमच्याकडे बघत नाहीत." तो मी वर्षभर पुसलेला नाही.

म्हणून यंदा मूर्ती कोऱ्या डोळ्यांनी गेली. जागेवर जाऊन आखायचे. ही सूचना माझीच.

आज जेवताना विचारलं, मी का नको? बाबा म्हणाले, "इथले डोळे कोण आखेल? कारखाना भरलाय." हे खरं आहे. थोड्या वेळाने म्हणाले, "आणि बँकॉकला मुलगी एकटी पाठवली म्हटलं की लोकं तोंड दाबून हसतात. मला नाय ऐकायचं ते." हेही खरं आहे. दोन्ही खरी आहेत म्हणून मला भांडता येत नाही.

दादा म्हणाला, "तू गेलीस तर कारखाना थांबतो गो. मी गेलो तर कारखान्याला कळत पण नाय." सगळे हसले. मीही.

१ ऑगस्ट, शुक्रवार

दादासाठी माहिती लिहिते आहे. मला सांगितलेलं नाही. पण तो काहीच वाचणार नाही आणि तिथे हरवेल या विचाराने आखण्यात लक्ष लागत नाही, आणि लक्ष नसलं तर डोळे बिघडतात.

आजवर तपासलेलं:

व्हिसा लागत नाही. पोहोचण्याआधीच्या तीन दिवसांत ऑनलाइन फॉर्म भरायचा. सरकारी साइटवर तो फुकट आहे, पैसे मागणारी साइट खोटी.

विमानतळाच्या तळघरातून शहरात जाणारी गाडी सुटते. शेवटच्या स्टेशनावर उतरून स्कायट्रेन, म्हणजे रस्त्यावरच्या पुलावरून धावणारी गाडी. डब्यात फार गार असतं, अंगावर काही हवं. टॅक्सी घेतलीच तर यंत्रातून चिठ्ठी घेऊन, मीटर लावायला सांगून. हॉलमध्ये हाताला धरायला येणाऱ्याबरोबर जायचं नाही.

नळाचं पाणी प्यायचं नाही.

कोणी गोड बोलून सांगितलं की राजवाडा आज बंद आहे, चला दुसरं देऊळ दाखवतो, तर तो बंद नसतो. असे लोक रिक्षाने रत्नांच्या खड्यांच्या दुकानात नेऊन फसवतात. स्वतः दारापर्यंत जाऊन बघायचं.

दोन ठिकाणी वेगवेगळं लिहिलं असेल तर तिसरं शोधते. राजवाड्याच्या वेळेत अजून शंका आहे, म्हणून ती लिहिलेली नाही.

४ ऑगस्ट, सोमवार

कारखान्यात दादाला सगळे छळतायत. शाडू मळणारा म्हणाला, "मसाज करून ये रे, पाठ मोकळी होईल." बाबाही हसले. हसण्यासारखं गाव आहे ना ते. फक्त माझ्या बाबतीत ते हसणं वाईट.

मी माहितीत भर घातली: देवळात खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. बूट बाहेर. बुद्धाकडे पाय करून बसायचं नाही, लहान मुलाच्याही डोक्याला हात लावायचा नाही. सकाळी आठला आणि संध्याकाळी सहाला राष्ट्रगीत लागलं की चालता चालता थांबायचं. नदीवर नारिंगी झेंड्याची बोट बरी, ती बहुतेक धक्क्यांना थांबते. श्रावण आहे, म्हणून पिवळ्या पाटीवर लाल अक्षर असलेल्या ठिकाणी जेवायचं, तिथे 'जे' म्हणायचं, म्हणजे पूर्ण शाकाहारी. नाहीतर भाजीतही मासळीचं पाणी असतं.

दादा म्हणाला, "एवढं कोण वाचतंय? तू फोनवर असशीलच की."

५ ऑगस्ट, मंगळवार

तीन खाके केले. पातळ कागदावर दोन्ही डोळे, बुबुळांची जागा प्रत्येकात वेगळी, मूर्तीच्या आणि बघणाऱ्याच्या उंचीप्रमाणे. कोणता घ्यायचा ते तिथे बसल्यावर ठरतं. दादाला परत परत सांगितलं, "आधी खाली बस. लोक बसतील तिथे. कोऱ्या तोंडाकडे वर बघ. मग शिडीवर चढ."

आत्याने मला हेच पहिलं शिकवलं. शाळेत जायच्या आधी मी तिच्याकडे शिकले. पाटीवर आधी डोळा काढून घेतला, मग अ. डोळा नीट आल्याशिवाय अ नाही. वर्गात बाईंनी अ काढायला सांगितला तेव्हा मी आधी डोळा काढला होता आणि मार खाल्ला होता.

दादा हा धडा शिकला नाही कारण तो तेव्हा क्रिकेट खेळत होता. कोणी त्याला बोलावलंही नाही. त्याचा काय दोष?

तरी त्याला दोष देते आहे. लिहून ठेवते.

८ ऑगस्ट, शुक्रवार

दादा पोहोचला. हॉलमध्ये हात धरणाऱ्याबरोबरच टॅक्सीत बसला.

संध्याकाळी फोन. "मेघे, राजवाडा बंद होता बघ आज. एक माणूस भेटला, चांगला होता, दुसरीकडे फिरवलं त्याने."

"खड्यांच्या दुकानात?"

"तुला कसं कळलं?"

९ ऑगस्ट, शनिवार

आज राजवाडा उघडा निघाला. तो हाफ पँटवर गेला. दारातून परत पाठवलं. बाहेर हत्तींची नक्षी असलेली ढगळ पँट विकत मिळते, ती घालून आत गेला. फोटो पाठवलाय, मागे सोन्याचे कळस. बाबांनी तो फोटो कारखान्यातल्या सगळ्यांना दाखवला. "बघा, कुठे पोचलाय."

जेवलास कुठे, विचारलं. नूडल्स. त्यात मासळी होती. "मला माहीत नव्हतं गो."

माहीत होतं. माझा माहितीचा कागद त्याच्या बॅगेच्या वरच्या कप्प्यात आहे.

१० ऑगस्ट, रविवार

आज डोळे.

व्हिडिओ कॉल लावला. हॉल मोठा आहे, स्टेज माझ्या छातीएवढं असेल, त्यावर आणखी एक पाट. मी म्हटलं, "आधी खाली बस."

"खाली सगळं ओलंय, आत्ताच पुसलंय. लोकं बघतायत."

"मग पुसून बस."

"मेघे, समोर मंडळाची माणसं उभी हायत. कारागीर म्हणून आलोय मी. जमिनीवर बसून वर काय बघू?"

आमच्या घरात डोळे आखताना समोर कोणी थांबत नाही. त्याने कोणालाही बाहेर पाठवलं नाही. उभ्यानेच अंदाज घेतला आणि उभ्या माणसाचा खाका लावला. मी ओरडले, मधला लाव, मधला. त्याने फोन ताईंच्या हातात दिला. मग मला फक्त ताईंचा अंगठा दिसत होता.

डोळे मी आखते हे ताईंना तेव्हाही सांगितलं नाही. त्यांना वाटलं असेल, भावाला रंगांची आठवण करून देणारी बहीण, कारखान्यातली मदतनीस.

११ ऑगस्ट, सोमवार

ताईंनी फोटो पाठवला. जमिनीवर बसून, खालून काढलेला. खाली एवढंच: "यंदा बाप्पा एसीकडे बघतायत."

मी फोटो मोठा करून पाहिला. रेघ वाईट नाही. खाका माझाच आहे. जागा चुकली.

बाबांना दाखवला. बराच वेळ बघितला त्यांनी. त्यांना कळतं, आमच्या सगळ्यांपेक्षा जास्त कळतं. म्हणाले, "त्यांना कळव, पॉलिशने चमक मारतेय. कॅमेऱ्यात तसं दिसतं."

"तसं नाही दिसत, बाबा."

"तू लिही तर."

मेसेज टाइप केला. पाठवला नाही.

१३ ऑगस्ट, बुधवार

दादा परत आला. माझ्यासाठी हत्तीची पँट. त्याची नाही, नवी. "तुझ्या साइजची शोधायला वेळ लागला." मी घडी करून ठेवली. बोलायचं नव्हतं पण थँक्यू म्हटलं.

खिशातून स्कायट्रेनचं कार्ड काढून माझ्या रंगांच्या डब्यावर ठेवलं. "उरलंय त्यात थोडं." 

दुपारी ताईंचा फोन. कारखान्याच्या नंबरवर, म्हणजे माझ्याकडे. "खरं सांग, तुमच्याकडे डोळे कोण आखतं? तुझ्या भावाला ब्रश धरता येतो, पण मागच्या वर्षीचा हात त्याचा नाही."

मी म्हटलं, "विचारून सांगते."

माझ्या स्वतःच्या हाताबद्दल. विचारून सांगते.

१५ ऑगस्ट, शुक्रवार. गोकुळाष्टमी.

सकाळी ध्वजवंदन झाल्यावर बाबांना सांगून रोह्याच्या गाडीत बसले. वाटेत गडब गावाजवळ बराच वेळ गाडी अडकली. रोह्यात पूल ओलांडून आत्याकडे.

आत्याने फोटो बघितला, चष्मा काढला, पुन्हा लावला. "उभ्याने आखलेत."

मी सगळं सांगितलं. मला वाटलं ती चिडेल. ती कांदा चिरत राहिली.

"माझे डोळे अजून तुझ्या बापाच्या नावावर हायत गो. त्याचा प्रदर्शनातला फोटो आहे ना भिंतीवर, मूर्तीचं बक्षीस घेताना? त्या मूर्तीचे डोळे माझे."

"तू बोलली नाहीस?"

"बोलले असते तर भावाने कारखान्याचं दार लावलं असतं. मग तुला कोणी शिकवलं असतं?"

मला राग आला. माझ्या शिक्षणाचं ओझं माझ्यावरच टाकलं असं वाटलं. तसं म्हटलंही. आत्या म्हणाली, "टाकतेच हाय. उचलायचं तर उचल, नाय तर ठेव तिथे."

मग तिने कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर एक डोळा काढला. एका दमात. कड जरासुद्धा हलली नाही. लग्नानंतर ती कारखान्यात बसलेली नाही.

म्हणाली, "तुझ्या जागेवर मी बसते. इथले डोळे थांबणार नायत. बापाचं पहिलं कारण संपलं."

दुसऱ्याचं, लोकांच्या हसण्याचं काय, विचारलं.

"त्याला औषध नाय."

१६ ऑगस्ट, शनिवार

आत्याकडून परतीच्या गाडीतून ताईंना लिहिलं: "डोळे मी आखते. मागच्या वर्षीचेही माझेच होते."

मला वाटलं होतं त्या काहीतरी चांगलं लिहितील. उत्तर आलं: "मग आधी का नाही बोललीस? किती वेळ गेला आमचा. गुरुवारी सकाळपर्यंत पोचलीस तर ये. नाहीतर इथल्या चित्रकाराला सांगू, तो वरून रंगवून देईल."

वरून रंगवून. थाई लोकही गणपतीची पूजा करतात, त्यांचा चित्रकार वाईट असेल असं नाही. तरी ते दोन शब्द परत परत वाचले.

बरोबर आहे त्यांचं. मी आधीच बोलायला हवं होतं.

१७ ऑगस्ट, रविवार

पासपोर्ट माझ्याकडे आहे. तो काढताना बाबाच माझ्याबरोबर रांगेत उभे होते. तेव्हा आम्ही दोघं मिळून एका प्रदर्शनाला जाणार होतो, मग ते राहिलं. हे विसरून त्यांच्याबद्दल लिहिणं खोटेपणा होईल.

दादाला दिलेला माहितीचा कागद परत मागून घेतला. घडीसुद्धा मोडलेली नाही. आता त्यात लिहिलं, दादाला लागणार नाही म्हणून वगळलेलं: भिक्षूच्या शेजारी बाईने बसायचं नाही, त्याला स्पर्श करायचा नाही, काही द्यायचं तर हातात न देता खाली ठेवायचं. गाडीत त्यांची जागा राखीव असते. ब्रश हातातल्या बॅगेत, रंगाच्या बाटल्या सामानात. आणि विमानातून उतरल्या उतरल्या बाबांना फोन.

राजवाड्याची वेळ अजून नक्की नाही. मला राजवाड्यात जायचं नाहीये.

ऑनलाइन फॉर्म भरायला घेतला. व्यवसाय विचारला आहे. पहिल्यांदा 'घरकाम' लिहिलं, मग खोडून 'मूर्तिकार' लिहिलं. पाठवायचं बटण अजून दाबलेलं नाही.

१८ ऑगस्ट, सोमवार

रात्रीच्या जेवणानंतर बाबा कारखान्यात एकटे होते. एसीकडे बघणाऱ्या बाप्पाचा फोटो फोनवर लावून समोर उंचावर ठेवलेला, आणि स्वतः खाली, ओल्या शाडूच्या पोत्यावर बसून वर बघत होते. मी दारात थांबले.

"दोन बोटं खाली हवे होते," ते म्हणाले.

"दीड."

"दीड." मग, "चित्रकार काय म्हणतो तिकडचा?"

म्हणजे त्यांना माहीत आहे. ताईंनी त्यांनाही लिहिलं असणार. मी गेले तर तोंड दाबून हसणारे हसतील, न गेले तर कोणीतरी आमच्या डोळ्यांवर रंग चढवेल. यातलं काय जास्त झोंबतं ते त्यांचं त्यांनाच ठाऊक. ते उठल्यावर मी दिवा बंद करून आले.

फॉर्म पाठवला. तिकीट काढलंय.

बुधवारी, २० ऑगस्टला, आत्या रोह्याहून पहिल्या गाडीने येईल आणि माझ्या पाटावर बसेल. ती बसली की मी उठेन. बाबांना तेव्हाच सांगेन, तोंडावर, सगळ्यांसमोर. मग निघेन.