नूरबींचं व्याज

२४ मार्च २०२५

आठवडा राहिलाय आणि बँकेनं दिलेलं विम्याचं टार्गेट अर्धंसुद्धा नाही! मॅनेजर शालिग्राम साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, "मॅडम, धरणगाव मानवत नसेल तर सांगा. लांबची शाखा बघू."

नेमक्या आजच नूरबी मावशी आल्या. बांगड्यावाल्या. माझ्या लग्नातला हिरवा चुडा यांनीच भरलेला. दर मार्चला येतात, पासबुक भरून घेतात, व्याज किती आलं ते विचारतात आणि तेवढं काढून नेतात. व्याज त्यांच्यात हराम. गल्लीतल्या सार्वजनिक संडासाच्या दुरुस्तीला देऊन टाकतात – पुण्य म्हणून नाही, घरात नको म्हणून. "ते मन्हं नही शे, बेटी."

खात्यात चार लाख. हजसाठी साठवलेले. चाळीस वर्षं डोक्यावर टोपली घेऊन फिरल्या त्यासाठी.

साहेबांनी काचेतून बघितलं. मी चारही लाखांच्या पॉलिसीचा फॉर्म काढला.

"मावशी, यात व्याजच नाही." खोटं नव्हतं ते!

"हजना टाइमले निंघतीन ना पैसा?"

मी मान डोलावली. नुसती मान. सही येत नाही त्यांना. चुडा भरताना त्यांनी माझा हात धरला होता तसाच मी त्यांचा धरला, आणि अंगठा उठवून घेतला.

३१ मार्च

टार्गेट पूर्ण. साहेबांनी पेढे वाटले. दोन खाल्ले.

११ एप्रिल

विमा कंपनीकडून सोन्याचं नाणं! सासूबाई खूश. मी कपाटात आत, साड्यांच्या खाली सरकवलं.

१३ ऑगस्ट

हजच्या सोडतीत नूरबींचा नंबर लागला. मिठाई घेऊन आल्या, पहिल्या हप्त्याचे पैसे मागितले. पाच वर्षं निघत नाहीत, हे मी त्यांना आज सांगितलं. आज!

"पाच साल? तवलगून मी जित्ती ऱ्हासू का?"

भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. गेल्या. साहेब म्हणाले, "फॉर्मवर अंगठा आहे ना? मग झालं." आणि त्याच बॉक्समधली बर्फी उचलली. हरामखोर! – त्यांना म्हणतेय की मला, कोण जाणे.

१९ ऑगस्ट

जळगावला जाऊन नाणं मोडलं. पगारातून साठवलेले घातले. दीड लाख झाले. पहिला हप्ता तरी भरू देत, पुढचं पुढे. मावशींच्या घरी गेले.

त्यांनी पाकीट हातात घेतलं नाही. "पगार बँकनाच ना? व्याजनाच ना? हाऊ पैसा हजले चालाव नही, बेटी." अजून बेटीच म्हणतात.

पाकीट उंबऱ्यात ठेवून मी पळाले.

२६ ऑगस्ट

मुदत संपली. नंबर गेला.

७ नोव्हेंबर

आज नूरबींच्या गल्लीतून आले. संडासाला नवे दरवाजे, नवी फरशी, वर पाण्याची टाकी. माझेच दीड लाख.