रसायनाचा रिपोर्ट

प्रिय सुलक्षणा,

अक्षरावरून ओळखलं असशीलच. सातवीपर्यंतचं शिक्षण, चुका समजून घे.

तुझी माय दोन वर्षांपासून फार बोलत नाही. ओट्यावर बसून रस्त्याकडे बघत राहते. जळगावला मनाच्या डॉक्टरांना दाखवलं. ते म्हणाले, मेंदूतलं एक रसायन कमी पडत असावं. खरं सांगतो, मला बरं वाटलं. केळीला जस्त कमी पडलं की पान पिवळं होतं, त्यात कोणाची चूक नसते. गावात कोणी न विचारताही सगळ्यांना हेच सांगत फिरलो.

गोळ्यांनी ती झोपते, दोन घास जास्त खाते. एखादी चुकेल या धाकाने मी दिवसातून तीनदा पाकीट बघतो. पण ओटा सुटला नाही. म्हणून मागच्या खेपेला मी आपल्या वावराचा माती परीक्षणाचा कागद डॉक्टरांपुढे ठेवला. म्हटलं, यात जस्त किती, लोह किती, सगळं आकड्यात आहे; आमच्या यशोदाबाईच्या रसायनाचा असा रिपोर्ट द्या. ते हसले नाहीत. म्हणाले, "बाबा, तसं मोजता येत नाही. गोळीने आराम पडतो, पण सगळंच रसायनावर ढकलता येत नाही. आजाराच्या आधी घरात काही घडलं होतं का?"

मी म्हटलं, काही नाही. तुझी माय शेजारीच बसली होती. तिने माझ्याकडे नुसतं पाहिलं.

तू ललितशी लग्न केलंस आणि मी तुला घर बंद केलं. त्यानंतरच्या पहिल्या आखाजीला गल्लीतल्या लेकी माहेरी आल्या, झोक्यावर गाणी सुरू झाली. मायने आपल्या निंबाला दोर बांधला आणि मला विचारलं, "सुलु उनी का?" मी म्हटलं, ती येणार नाही, दोर सोड, लोक हसतील. तिने सोडला. तेव्हापासून ती ओट्यावर आहे.

परवा एकटाच जळगावला जाऊन हे डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी लिहून घेतलं, गोळ्या तशाच ठेवल्या. तू आल्याने ती बरी होईल, असं मी म्हणत नाही. पण आखाजी पंधरा दिवसांवर आली. मुराळी म्हणून भाऊ जायचा असतो, तुला भाऊ नाही. धुळ्याला मीच येतो. ललितराव घरी असतील तो दिवस कळव, त्यांनाही बोलवायचं आहे. काल निंबाला दोर मी बांधला. ती बघते, विचारत नाही. विचारलं तर काय सांगू, तेवढं लिही.

तुझाच,
नाना