'येतो' म्हणणारे मॉन्स्टर

उंटरश्लाइसहाइम
जर्मनी, २ नोव्हेंबर २०२५

आद. आईंना,
उत्कर्षाचा सविनय जयभीम. वि. वि.

फोनवर बोलायला लागलं की शमिका शेजारी कान टवकारून उभी राहते, म्हणून तुम्ही सांगितल्याप्रमाणे कागदावर लिहून फोटो पाठवतेय. अक्षर मोठं काढलंय, तरी चष्मा लावूनच वाचा. बाबांचा डोळा आता बरा आहे हे वाचून हायसं वाटलं. ऑपरेशन त्यांचं होतं आणि हृदय बंद पडलं ते त्यांना सोबत करायला आलेल्या उज्ज्वलचं, हे मला अजून पटत नाही. नागपूरहून मी एकटी परतले त्याला आता दोन महिने होत आले. दाराच्या बेलवर अजून त्याचंच नाव आहे. बदलायला हवं असं घरमालकाच्या ऑफिसातून दोनदा कळवलंय. मला जमत नाही.

पण आज रडगाणं गायला बसलेले नाही. दोन महिन्यांत पहिल्यांदाच शमिका हसली, आई! परवा इथे हॅलोवीन होतं. मुलं भुताखेतांचे वेश करून दारोदार खाऊ मागत फिरतात. खाऊ द्या नाहीतर खोडी काढू, अशी गोड धमकी असते. मी दिवे बंद करून गप्प बसणार होते, पण बेल वाजली आणि ही पळत जाऊन दार उघडून मोकळी. बाहेर तिघं. टॉयलेट पेपर गुंडाळलेली एक ममी, तोंड हिरवं रंगवलेला, सिनेमात मेलेल्यांचे तुकडे जोडून करतात तसला एक राक्षस आणि त्यांच्या मागे लांडग्याचं भलंमोठं डोकं घातलेला एक धिप्पाड माणूस. मी दचकले, ही नाही. तिने त्यांना हाताला धरून आत आणलं आणि सोफ्यावर बसवलं. घरात दुसरं काही नव्हतं, म्हणून तुम्ही पाठवलेली संत्रा बर्फी दिली. लांडग्याने मुखवट्याच्या तोंडातून बर्फी आत सरकवायचा प्रयत्न केला तेव्हा ही पोट धरून हसली.

ममी आणि राक्षस म्हणजे वरच्या मजल्यावर नुकतीच राहायला आलेली लेने आणि तिचा भाऊ योनास, आणि लांडगा त्यांचा आजोबा, हेर (म्हणजे श्रीयुत) लेशनर. शमिकाने त्यांचे चेहरे पाहिलेले नाहीत आणि त्यांनीही दाखवले नाहीत. निघताना ते 'च्यूस', म्हणजे इथलं 'बाय', म्हणाले तर हिने त्यांना दारात अडवलं. असं म्हणायचं नाही, 'येतो' म्हणायचं, असं बजावून तिघांकडून घोकून घेतलं. लांडगा अगदी गंभीरपणे 'येतो' म्हणाला. आणि काल खरंच आले, त्याच वेशात! आजही येऊन गेले. जाताना ती त्यांच्या कानात काहीतरी कुजबुजते. मला सांगत नाही. मी विचारलंही नाही, कारण इतके दिवस गप्प होती, आता कुजबुज का होईना, ती बोलतेय.

बाबांना नमस्कार सांगा. तुम्हीही दोन घास वेळेवर खात जा.

आपली,
उत्कर्षा

---

नागपूर
६ नोव्हेंबर २०२५

चि. उत्कर्षाला,
अ. उ. आ. आणि जयभीम.

पत्र तीन वेळा वाचलं. एकदा तुझ्या सासऱ्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. लांडगा बर्फी खातो म्हटल्यावर ते किंचित हसले असं मला वाटलं, पण लगेच भिंतीकडे तोंड करून निजले. हल्ली ते दिवसदिवस तसेच असतात. डोळ्याला काही झालेलं नाही, पण ते कशाकडे बघतच नाहीत.

आता थोडी कानउघाडणी. ज्या घरात भूत, पिंड, कावळा काहीच चालत नाही, त्या घराच्या नातीने भुतांना सोफ्यावर बसवून बर्फी चारावी म्हणजे कमालच झाली! तुझ्या सासऱ्यांनी उभी हयात वस्त्यावस्त्यांतून भुतं नसतात म्हणून भाषणं दिली. असो. पोरगी हसली ना, मग भुतांनी रोज यावं, पाहिजे तर मी आणखी बर्फी पाठवते. फक्त त्या लेनेला 'येतो' नव्हे, 'येते' म्हणायला शिकवा. पस्तीस वर्षं शाळेत मराठी शिकवली, एवढं व्याकरण सोडवत नाही.

शमूने त्यांना 'येतो' म्हणायला लावलं हे वाचून मात्र ऊर भरून आला. ते माझंच शिकवणं. मागल्या वर्षी ती इथे असताना अंगणात जायला निघाली तरी मी तिला 'जाते' म्हणू द्यायचे नाही. घरातून निघणाऱ्याने 'येतो' म्हणावं, हे उज्ज्वललाही मीच लावलेलं वळण.

एक गोष्ट विचारायची राहते. रविवारी व्हिडिओवर शमू मला खुणेने फोन फिरवायला सांगत होती. मी सगळं घर दाखवलं. स्वयंपाकघर, मागची खोली, न्हाणीघरसुद्धा. तिने पलंगाखालीही फोन धरायला लावला. मला वाटलं, पोर खेळतेय. पण शेवटी तिने माझ्याकडे असं काही रागाने पाहिलं की मला कसंसंच झालं. उत्कर्षा, तिला कळलंय ना? तू तिला नक्की काय सांगितलं होतंस?

तब्येतीला जप. तुझ्याशिवाय तिला आता कोण आहे.

तुझी,
आई

---

उंटरश्लाइसहाइम
१० नोव्हेंबर २०२५

आद. आईंना,
सविनय जयभीम.

तुमचं पत्र दुपारी दोनदा वाचलं. त्या संध्याकाळी हेर लेशनर मुखवटा न घालता, एकटेच दाराशी आले. चांगला माणूस आहे, विधुर आहे, आमच्याकडे यायला मिळतं म्हणून खूश असायचा. पण त्यांचा चेहरा पडला होता. शमिका रोज कानात काय सांगते ते त्यांनी मला सांगितलं. ती लांडग्याला इंडियाला पाठवतेय. तिथे आजीच्या घरात पापा आहेत, ते जिन्यात 'येतो' म्हणून गेले आणि विसरले, तर त्यांना आठवण करून दे, आजी सोडत नसेल तर तिला घाबरव, असं तिचं सांगणं आहे. तुम्ही मॉन्स्टर लोक 'येतो' म्हणता आणि येता, म्हणून हे काम तुम्हालाच जमेल, असंही ती त्यांना म्हणाली.

आई, मी तिला नागपूरहून फोनवर सांगितलं होतं, बाबा गेले. आपण सगळे तसंच म्हणतो. मी तिकडे आले तेव्हा तिला इथे मैत्रिणीकडे, मीनलकडे ठेवलं होतं. तिने शांतपणे जर्मनमध्ये उत्तर दिलं, हो, मला माहितीये. आम्हाला वाटलं, केवढी धीराची पोर! मीनल रडली, मी रडले. तिला मराठी समजतं, पण शब्दाचा सरळ अर्थ तेवढाच. गेले म्हणजे गेले, नागपूरला गेले, ते तिने स्वतःच पाहिलं होतं. मी परत आले आणि तो आला नाही, म्हणजे तुम्ही त्याला ठेवून घेतलं. इतके दिवस ती तुमच्यावर दात धरून आहे आणि मला पत्ता नाही.

मी त्याच दिवशी तिला जवळ घेतलं आणि मराठी सोडून जर्मनमध्ये सांगितलं. मेलेल्याला इथे टोट म्हणतात. पापा टोट आहेत, असं मी एकदाचं म्हणाले. तर ती टाळ्या पिटायला लागली. लेने ममी टोट आहे, योनास राक्षस दोनदा टोट आहे, तरी ते रोज येतात, मग पापांना यायला काय हरकत आहे, असं विचारलं तिने.  त्या बिचाऱ्या प्रेमळ भुतांनी माझ्या हातातला एकुलता एक शब्द काढून घेतला. दुसऱ्या दिवशी ते वेश करून आले तेव्हा दारातच तिने त्यांना बातमी दिली की तिचे पापाही आता त्यांच्यातलेच आहेत. पुढच्या हॅलोवीनला सगळे मिळून फिरणार आहेत.

माझ्याने हे आता होत नाही. ऑफिसात दिवसभर दुसऱ्यांच्या चुका शोधण्याचा पगार घेते आणि घरी ही एक चूक मला दिसली नाही. तुम्ही लहान मुलांना शिकवलंय. आणि त्याच्या शेवटच्या वेळी त्याच्याजवळ तुम्हीच होतात. तुम्ही तिला लिहा. मी अक्षरही न बदलता वाचून दाखवीन. तुमच्याकडून हे मागणं किती निर्दय आहे ते मला समजतं, तरी मागते.

तुमची,
उत्कर्षा

---

नागपूर
१६ नोव्हेंबर २०२५

चि. शमिकाला,
आजीचे खूप पापे.

शमू, आई हे पत्र वाचेल तेव्हा तिच्या मांडीवर बस.

तुझा बाबा मेला. मी 'गेला' म्हणत नाही, 'मेला' म्हणते. तो अंगणात खुर्चीवर बसला होता आणि त्याच्या छातीतलं धडधडणं थांबलं. मी त्याच्या छातीला कान लावून ऐकलं, पुन्हा पुन्हा ऐकलं. डॉक्टरांनीही ऐकलं. मेलेल्या माणसाला दुखत नाही, भूक लागत नाही, थंडी वाजत नाही. त्याला बोलता येत नाही आणि चालता येत नाही. म्हणून तो येणार नाही. पुढच्या वर्षीही नाही, तू मोठी झालीस तरी नाही.

तो माझ्या घरात लपलेला नाही. तू पलंगाखाली पाहिलंस ते बरं केलंस, पण तो तिथे नव्हता. मी त्याला ठेवून घेतलं नाही. तसं ठेवता आलं असतं तर मी आधी तुझ्याकडेच पाठवला असता.

लांडगा आणि त्याची मंडळी तुझी चांगली दोस्त आहेत, पण ती मेलेली नाहीत. कागदाच्या आत एक मुलगी आहे आणि हिरव्या रंगाच्या आत एक मुलगा आहे. ती जिवंत आहेत म्हणून येतात. मेलेलं कुणी कधी बेल वाजवत नाही.

आणि बाबा खोटं बोलला नाही. निघताना 'येतो' म्हणायची आपली रीत आहे. खरंच येता येईल की नाही हे म्हणणाऱ्यालाही ठाऊक नसतं. ही रीत तुम्हा दोघांना मी शिकवली. राग आला असेल तर माझ्यावर काढ, त्याच्यावर नको.

तुझी,
आजी

---

उंटरश्लाइसहाइम
२३ नोव्हेंबर २०२५

आद. आईंना,
सविनय जयभीम.

पत्र वाचून दाखवलं. 'मेला' या शब्दाशी मी कागद खाली ठेवला, तर तिने माझं तोंड दोन्ही हातांनी धरून मला पुढे वाचायला लावलं. शेवटपर्यंत ऐकलं. रडली नाही. तुम्ही लिहिलंत तसं कुणीच लिहू शकलं नसतं, हे तुम्हाला सांगायलाच हवं, कारण पुढचं सांगणं फार कठीण आहे.

दुसऱ्या दिवशी तिघं नेहमीप्रमाणे आली. मी हेर लेशनरना सगळं सांगून ठेवलं होतं, पण मुलांनी हट्ट धरला, एकदा शेवटचं भेटू दे. हिने दार उघडलं आणि लेनेच्या अंगावरचा कागद ओरबाडून काढला. पार खाली स्वेटर दिसेपर्यंत. मग इमारत हादरेल अशी किंचाळली. तुम्ही टोट नाही आहात, तुम्ही फक्त मुलं आहात, पुन्हा येऊ नका, असं ओरडत राहिली. लेने रडत वर पळाली. तिचा आजोबा लांडग्याचं डोकं काखेत धरून जिन्यात कितीतरी वेळ तसाच उभा होता. मला त्याची माफीही मागता आली नाही.

त्यानंतर तिने मला एकच प्रश्न विचारला. मराठीत सगळेच लोक येणार नसताना 'येतो' म्हणतात का? मी म्हटलं, हो, आपली तशी रीत आहे. जरा विचार करून म्हणाली, मग मला मराठी नको. मराठीत खोटं बोलतात.

आई, ती ते पाळतेय. मी मराठीत बोलले की कानांवर हात ठेवते. जेवायला हाक मारली तरी येत नाही, तेच जर्मनमध्ये सांगितलं की मुकाट्याने येते. सकाळी ऑफिसला निघताना माझ्या तोंडून सवयीने 'येते' गेलं, तर तिने दार धरून ठेवलं आणि मी किती वाजता येणार ते जर्मनमध्ये वदवून घेतलं. मला वाटलं होतं, दोन दिवसांचा राग असेल. पण शाळेतल्या बाई सांगतात, तिने तिथे आपलं घर फक्त जर्मन बोलतं असं जाहीर केलंय. आज रविवार, तुमचा फोन वाजला तेव्हा ती बाथरूममध्ये जाऊन कडी लावून बसली. मी तुम्हाला खोटंच सांगितलं की झोपलीय.

तुम्हाला जर्मन येत नाही आणि तिला मराठी नको. तुम्हा दोघींच्या मध्ये मी बसून तरी काय करू? उज्ज्वल होता तेव्हा घरात मराठी बोलायचा आग्रह त्याचाच होता. माझ्यात आता एकटीने तो चालवायचं बळ नाही.

रागावू नका.

तुमची,
उत्कर्षा

---

नागपूर
२८ नोव्हेंबर २०२५

चि. उत्कर्षाला,
अ. उ. आ.

झोपलीय म्हणालीस तेव्हाच मी ओळखलं होतं. पाठीमागे नळ वाहत होता.

मी रागावलेले नाही. फक्त दोन दिवस चूल पेटवली नाही. तुझ्या सासऱ्यांना अजून सांगितलेलं नाही, आणि सांगणारही नाही. नातीशी बोलता येईल तेवढ्यासाठी ते रविवारी उठून दाढी करतात.

पोरीचं चुकलं नाही. मी चाळीसचाळीस मुलांच्या वर्गात शब्दांचे अर्थ फळ्यावर लिहिले, आणि माझ्याच घरात रोजच्या वापरातल्या शब्दाचा अर्थ कुणी विचारेल असं मला वाटलं नाही. तिने विचारला आणि उत्तर ऐकून ती उठून गेली. तिला मराठीची बळजबरी करू नकोस. या भाषेत तिचा बाप मेलाय, आणि तिला ते सांगणारी मी आहे. उज्ज्वलचं आता जगात जे काही उरलंय ते तिच्यात आहे, आणि ते माझ्याशी बोलणार नाही. हे मी स्वतःला समजावतेय. समजत नाही.

मी जर्मन शिकेन वगैरे काही म्हणत नाही. या वयात आणि या मनाने काही डोक्यात शिरत नाही.

एकच कर. रविवारी ती खेळत असेल त्या खोलीत फोन लावून ठेव, कपाटावर, तिला दिसणार नाही असा. तू निघून जा. मी बोलणार नाही, खोकणारही नाही, तुझ्या सासऱ्यांनाही गप्प बसवीन. ती बाहुल्यांशी जर्मनमध्ये जे काय बोलत असेल ते आम्ही ऐकू. त्यातलं आम्हाला काही कळायचं नाही. पण तिचा आवाज लहानपणच्या उज्ज्वलसारखा आहे.

लोभ कुणाकडून मागायचा ते कळत नाही, म्हणून तुझ्याकडेच मागते.

तुझी,
आई