मुठीत मावेल एवढा रंधा

सोमवार, ३ फेब्रुवारी
कानस मोडली. काच फुटावी तसा आवाज. एक तुकडा गॅलरीच्या कठड्यावरून खाली गेला – खाली कुणी नव्हतं, नशीब! हॅकसॉने कापायला बसलो होतो. हॅकसॉचे दात गेले, कानशीवर ओरखडासुद्धा नाही. मग डोकं फिरलं आणि हातोडी हाणली.

गंमत म्हणजे हातात उरलेला तुकडा नेमका हवा तेवढा आहे. रंध्याचं पातं करायचंय त्याचं. छोटा रंधा – मुठीत मावेल असा. तिच्यासाठी. लिहून टाकलं, आता सुटका नाही.

बुधवार, ५ फेब्रुवारी
आज टपरीवर भेटली. मी कॉलेज सोडल्यापासून तिथेच भेटते, आठवड्यातून एकदा. ती अजून त्याच लाकूडकामाच्या वर्गात आहे. सगळे तिला काटकोन म्हणतात – बसण्याआधीसुद्धा टेबल सरळ आहे का बघते. ती मला काडेपेटी म्हणते.

तळहात दाखवला. मागच्या आठवड्यापेक्षा जास्त फोड. वर्कशॉपमधले रंधे म्हणजे विटा आहेत, म्हणाली. आणि परीक्षेसाठी जी खुर्ची करतेय तिची पाठ वाकडी, त्या वळणात वीट शिरतच नाही.
"छोटा मिळत नाही?"
"मिळतो. आपल्याला परवडेल असा मिळत नाही."
"मी करून देतो."
"तू?" हसली. "काडेपेटी, तू आजवर काय पुरं केलंयस रे? चहासुद्धा अर्धा टाकतोस."
कप आपटून निघून आलो. रस्त्यात लक्षात आलं, अर्धा चहा कपातच होता!

परीक्षा झाली की ती जाणार. दुसऱ्या शहरात, फर्निचरच्या कारखान्यात, काम मिळालंय. २ मार्चची गाडी. त्याआधी रंधा द्यायचा आणि सांगून टाकायचं. रिकाम्या हाताने गेलो तर ती तेही अर्धंच धरेल.

गुरुवार, ६ फेब्रुवारी
कानशीचं पोलाद आधी मऊ करावं लागतं, नाहीतर त्यावर दुसरी कानस नुसती घसरते. लाल होईपर्यंत तापवायचं आणि राखेत पुरून ठेवायचं, हळूहळू निवू द्यायचं. गॅसवर दोन्ही बाजूंनी विटा लावल्या. राख नव्हती. आईची कुंडी घेतली, झाड काढून ठेवलं, कोरडी माती वापरली.

आई – "कॉलेज सोडलंस, मी चकार शब्द बोलले नाही. आता माझी झाडंपण तुझ्यासारखी घरी बसवायचीत का?"

ताई रात्रपाळी करून हॉस्पिटलमधून आली. तिला झोपेत चालल्यासारखं स्वयंपाकघरात यायची सवय आहे.
"काय शिजतंय?"
"लोखंड."
"मीठ टाकलंस का?" – आणि झोपायला गेली.

रविवार, ९ फेब्रुवारी
रंध्याच्या अंगासाठी माळ्यावरच्या मोडक्या पलंगाचा पाय घेतला. कडक लाकूड. कापताना करवतीतून धूर येतो की काय असं वाटलं.

बाबा गॅलरीत आले. ठोकळा उचलला, उलटा करून बघितला.
"हा पलंगाचा पाय."
"पलंग मोडलेला होता, बाबा."
"पलंग मोडला होता. पाय मोडला नव्हता."
बस. एवढंच बोलून आत गेले. मी कॉलेज सोडलं त्या दिवशीही एवढंच बोलले होते. बाबांचा एक शब्द म्हणजे दुसऱ्याच्या बापाचं तासाभराचं भाषण.

रचना सोपी आहे. ठोकळ्यात वरून खालपर्यंत तिरकं भोक. त्यात पातं. पात्यावर लाकडाची पाचर ठोकायची. खिळा नाही, स्क्रू नाही. सगळं त्या पाचरीने धरायचं. कागदावर काढायला चहा पिण्याएवढा वेळ लागला.

बुधवार, १२ फेब्रुवारी
भोक पाडताना ठोकळा चिरला. फेकला. पलंगाला चार पाय असतात ही चांगली गोष्ट आहे.

सोमवार, १७ फेब्रुवारी
पात्याला पाणी द्यायचं काम. मऊ केलेलं पोलाद परत कडक करायचं. लाल करायचं, चुंबक चिकटेनासा झाला की तेलात बुडवायचं. चुंबक फ्रिजवरचा घेतला. तेल – कढईतलं. भस्सकन धूर! शेजारच्या काकू दार वाजवायला लागल्या. आईने त्यांना काय सांगितलं ऐकू आलं नाही, पण त्या "अगं बाई, बिचारा" म्हणाल्या ते आलं.

एवढ्यावर संपत नाही. असं पातं ठिसूळ असतं. ते घासून लखलखीत करायचं आणि परत जरा जरा तापवायचं. वाळल्या गवताचा पिवळा रंग चढला की झटकन काढायचं. पिवळा चढला. वाटलं, अजून थोडा चढू दे. निळं झालं. म्हणजे वाया. सगळं पहिल्यापासून.

वर्कशॉपचे मास्तर – कायम एरंडेल प्यायल्यासारखं तोंड – मला म्हणायचे, तुला थांबायचं कळत नाही. त्यावरूनच आमचं वाजलं आणि मी निघून आलो. पात्याशी वाजवता येत नाही. ते उलट बोलत नाही. परत तापवलं. पिवळं दिसल्याबरोबर काढलं.

बुधवार, १९ फेब्रुवारी
निघाली! लाकडाची पहिली साल, कागदासारखी पातळ, गुंडाळी होऊन वर आली आणि बोटावर बसली. फुंकर मारली तर उडाली.

मग जे दिसेल ते तासत सुटलो. खिडकीची चौकट, ताईच्या कपाटाची कड, आईचा पोळपाट ("खबरदार!"). आमचं न्हाणीघराचं दार कित्येक वर्षं पुरतं लागत नव्हतं, आत जाणाऱ्याने गाणं म्हणायचं असा घरचा नियम. दाराची कड तासली. लागलं. बाबांनी कडी घालून बघितली, काढली, पुन्हा घातली. आतून म्हणाले, "हं."

शनिवार, २२ फेब्रुवारी
दिला.

फडक्यात गुंडाळून टपरीवर नेला होता. तिने फडकं सोडलं, रंधा उलटा केला, पिशवीतून काटकोन तपासायचा गुण्या काढला. (गुण्या घेऊन चहाला येणारी मुलगी मी दुसरी पाहिली नाही.) तळाला लावला, बाजूला लावला, उजेडाकडे धरून फट बघितली.
"काटकोनात आहे," म्हणाली. तिच्या तोंडून यापेक्षा मोठं काही येत नाही. वाटलं, आता सांगावं.

मग तिने तो हातात धरला. बाकाच्या फळीवर चालवला. थांबली. पकड बदलली. परत थांबली.
"काय झालं?"
"काही नाही. छान आहे. तुझ्या हाताचा आहे."
"म्हणजे?"
"म्हणजे तुझ्या हाताचा. बघ ना, माझा अंगठा कुठे पोचतोय?" अंगठा हवेत होता. "केलास माझ्यासाठी. माप कुणाच्या हाताचं घेतलंस?"
"नको असेल तर दे परत!"
"कोण नको म्हणालं? दिलेलं परत मागतोस होय रे?" आणि पिशवीत टाकला.

सांगितलं नाही. त्या तोंडाने काय सांगणार?

रविवार, २३ फेब्रुवारी
बादलीला लाथ मारली. फुटली. नवी मीच आणली.

दिवसभर तिचा हात आठवत बसलो. फोड आठवतात. बाकी काही आठवत नाही. बोटं लांब की आखूड, तळवा रुंद की अरुंद – काही नाही. दोन वर्षं बघतोय मी तिच्याकडे. मग बघत काय होतो?

सोमवार, २४ फेब्रुवारी
वर्कशॉपच्या खिडकीशी जाऊन उभा राहिलो. आत नाही गेलो. ती कोपऱ्यात, पाठ माझ्याकडे. कोपर दिसत होतं, मग वळली तेव्हा हात. बोटं आखूड. तळव्याने रेटत नाही, बोटांच्या पेरांनी धरते. आणि ढकलत नाही – स्वतःकडे ओढते! खुर्चीची पाठ वाकडी असल्यामुळे असेल.

मास्तर आले.
"आत ये, नाहीतर उजेड सोड."
बाजूला सरकलो. त्यांनी खिडकी लावली नाही. तिने वळून पाहिलं नाही. बराच वेळ उभा होतो. प्रेमबिम काही मनात आलं नाही, नुसती बोटं बघितली. घरी येऊन कागदावर काढून ठेवली.

गुरुवार, २७ फेब्रुवारी
दुसरा झाला. पलंगाचा तिसरा पाय, आणि कठड्याखाली पडलेल्या कानशीच्या तुकड्याचं पातं. आखूड, मागून उतरता, बाजूला अंगठ्यासाठी खळगा. ओढायचा रंधा. बाबांनी हातात घेतला, त्यांना धरताच येईना. म्हणाले, "कुणाचा आहे?"
"एका मैत्रिणीचा."
"मापात आहे," म्हणाले.
त्यांना कसं कळलं?

शनिवार, १ मार्च
तिच्या खोलीवर गेलो. सामान बांधत होती. पहिला रंधा टेबलावर. मी ओळखलाच नाही आधी. शेपटीकडून दोन बोटं कापलेला, कडा गोल केलेल्या, बाजूला पटाशीने ओबडधोबड कोरलेला खळगा. घामाने काळा पडलेला.

"माझा रंधा कापलास!"
घरमालकीण जिन्यात आली इतक्या जोरात ओरडलो.
"माझा आहे ना? दिलायस ना? मग!" ती अजिबात चिडली नाही. "काकू, काही नाही, हा असाच बोलतो. अरे, खुर्चीची पाठ या रंध्यानेच झाली सगळी. मास्तरांनी हात फिरवून बघितली."

खिशातून दुसरा काढला. तिने धरला. अंगठा बरोबर खळग्यात गेला. हवेतच एकदा स्वतःकडे ओढून बघितला.
"खिडकीत त्यासाठी उभा होतास?"
"दिसलो होतो?"
"सगळ्या वर्गाचा उजेड अडवलास, दिसणार नाहीस?"

मग दुसरा माझ्या हातात परत ठेवला. "हा बरोबर आहे. पण मला आता पहिल्याची सवय झालीय. तो कापल्यापासून त्याची पाचर सैल पडते तेवढी बघ. गाडी दुपारची आहे. सकाळी येते तुझ्याकडे."

सकाळी घरी येणार! आई देवळात असते, ताई झोपलेली. गॅलरीत दोघंच. वाक्य ठरवून ठेवलंय. आरशापुढे म्हणून बघितलं. कुठेही अडखळत नाही.

रविवार, २ मार्च
आली. नवी पाचर केली दोघांनी. एका बाजूला केसभर जाड राहायची. ती घासायची, मी बसवून बघायचो, परत तिच्याकडे द्यायचो. कधी ती "अजून" म्हणायची, कधी मी. शेवटी अशी बसली की उलटा धरून ठोकला तरी हलेना. दोघंही हसत सुटलो. मग तिने घड्याळ बघितलं, "अगं आई गं!" म्हणाली आणि रंधा उचलून पळत सुटली.

आत्ता तारीख टाकताना आठवलं. सांगायचं राहिलं.