बडीशेपेचं रान

६ जानेवारी १९५८

आज पुन्हा तेच! पौडच्या अलीकडं वळणावर रंभाबाई गोवऱ्या थापत होती. मला पळताना बघितलं, हातातला गोळा टाकला आणि थेट रस्त्यात आडवी आली. "कोन गेलं रं, जयशा? कोन गेलं?"

"कुणी नाही, मावशी. शर्यतीसाठी पळतोय."

"लपवू नगंस! माझी लेक दिलीया माल्यात!"

थांबून समजावलं, हात जोडले, देवाची शपथ घेतली. तरी गळा काढलाच. चार बायका जमल्या, त्याही रडायला लागल्या. कुणासाठी ते एकीलाही माहीत नाही! माझा दम तुटला, पाय आखडले. चालत माल्याला घरी आलो.

आमच्या मुलखात माणूस रस्त्यानं पळतो तो मयताचा सांगावा घेऊनच. लेकीबाळींना तोंड दिसावं म्हणून माती थांबवून धरलेली असते, म्हणून पळायचं. हे मलाही कळतं. पण चड्डी-बनियन घालून सांगावा न्यायला कोण जातं?

७ जानेवारी

रंभाबाईचा मुलगा आज माल्यात हजर. बहीण अंगणात मिरच्या कांडत बसलेली दिसल्यावर तो तडक आमच्या दारात आला आणि मला नाही नाही ते बोलला. कुशाबातात्यांनी त्याला चहा पाजून शांत केलं. तात्या माझे चुलते. वडील गेल्यापासून घर तेच बघतात. तो गेल्यावर माझी पाळी — "पळायचंच आसंल तर बैलांमागं पळ. तेवढं तरी रान नांगरून हुईल."

आई चुलीपाशी हसत होती. तिचाही राग आला.

९ जानेवारी

पळालो नाही. दिवसभर नुसती चिडचिड.

१२ जानेवारी

आज आईला सगळं नीट सांगितलं. पुण्यात नऊ फेब्रुवारीला मॅरेथॉन आहे. सव्वीस मैल. ग्रीस देशात मॅरेथॉन नावाचं गाव, तिथं अडीच हजार वर्षांपूर्वी मोठी लढाई झाली. जिंकल्याचा निरोप घेऊन एक गडी राजधानीपर्यंत पळत गेला, निरोप सांगितला आणि तिथंच पडून मेला, अशी गोष्ट सांगतात. शाळेत आमचे इतिहासाचे मास्तर हे सांगताना टेबलावर हात आपटायचे. मॅरेथॉन म्हणजे बडीशेप, हेही त्यांनीच सांगितलं होतं. त्या रानात बडीशेप माजलेली असायची म्हणून गावाला ते नाव. आता तर परदेशात त्या नावाची आणखी गावं आहेत म्हणे.

आई म्हणाली, "आपल्याकडं न्हाई का जांभं गाव? म्हनून जांभळासाठी कुनी पळत सुटतंय व्हय?" मग चुलीत लाकूड सारून — "आन त्या बिचाऱ्याला कुनी पानी न्हाई दिलं?"

पण निघताना तिनं माझ्या खिशात चिमूटभर बडीशेप टाकली. "घे, तुझं लढाईचं गाव."

मॅट्रिकला दोनदा गणितात उडालो. तालमीत गेलो, खांदा निखळला. ह्याच्या हातनं काय बी पुरं हुईत न्हाई, असं तात्या पाव्हण्यांसमोर म्हणतात. मला नंबर नको. एकदा, एकच गोष्ट शेवटापर्यंत नेऊन दाखवायची आहे. बस्स!

१५ जानेवारी

हद्द झाली! पौडहून परतताना मागून एसटी आली आणि करकचून थांबली. कंडक्टर दार उघडून म्हणतो, "चढ लवकर, तिकिटाचं ऱ्हाऊ दे. माती किती वाजता हाय?" आतल्या सगळ्या गड्यांनी टोप्या काढून हातात घेतलेल्या. मी म्हणालो, कुणी मेलेलं नाही. एक म्हातारा म्हणाला, "धक्का बसलाय पोराला." दोघांनी धरून मला आत घेतलं! माल्यात उतरेपर्यंत एक बाई माझ्या पाठीवरून हात फिरवत होती. आजची रपेट गेली ती गेलीच.

१८ जानेवारी

रस्ता सोडून माळानं पळालो. तिथं म्हसू धनगराचं कुत्रं मागं लागलं. पोटरी थोडक्यात वाचली. म्हसू काठीला रेलून गंमत बघत होता. म्हणाला, "मानूस पळतो तवा म्होरं तरी काय आसतंय, न्हाई तर मागं तरी. तुझं दोनी न्हाई. मग कुत्र्यानं काय समजायचं?"

कुत्र्याचाच कैवार!

२१ जानेवारी

आज तीनदा अडवलं. तिसऱ्याला मी नको ते बोललो. वयानं मोठा माणूस. वाईट वाटलं, पण करू काय? घरी येऊन तांब्या आपटला. आई म्हणते, "एवढा चिडतुयास कशाला? इच्यारलं की सांगायचं, आई गेली. निदान गूळपानी तरी देतील."

"काहीही काय बोलतेस!" मी एवढ्या जोरात ओरडलो की गोठ्यातली म्हैस बिचकली. ती आपली पदर तोंडाला लावून हसतेय. ह्या बाईला कशाचं म्हणून भय नाही.

२४ जानेवारी

सुचलं! दवंडी!

२६ जानेवारी

पौडला बाजारात दवंडी पिटली. दवंडीवाल्याला आधी पटेचना — "कुनी न्हाई मेलं ह्याची दवंडी? आजवर कुनी दिली न्हाई." शेवटी तयार झाला. ढुमढुम करत चार ठिकाणी ओरडला, "ऐका हो ऐका! माल्याचा जयसिंग शर्यतीसाठी पळतोय हो! त्यो पळताना दिसला तर कुनी बी गेल्यालं न्हाई हो! त्याला अडवू नगा, इच्यारू नगा हो!" बाजार खो खो हसला. मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण माझं मीच ओढवून घेतलेलं, सांगू कुणाला?

२९ जानेवारी

दवंडी लागू पडली! एसटीवाल्यानं नुसता भोंगा वाजवला. रंभाबाई गोवऱ्या थापता थापता ओरडली, "लई ब्येस! पळ, पळ!" कुणी अडवलं नाही. पौडपर्यंत एका दमात गेलो आणि एका दमात आलो. इतके दिवस उगाच डोकं फोडून घेतलं.

२ फेब्रुवारी

आज लांबची रपेट. पौड, भरे, घोटावडे, माण करत थेट मारुंजी, थोरल्या बहिणीच्या, सारजाक्काच्या सासरी. आई म्हणाली होती, "पळतुयास तर लेकीकडं तरी पळ, खुशाली कळंल." मला बघून अक्काच्या हातातली सुपली पडली, ती पांढरीफटक झाली. दवंडी मारुंजीपर्यंत पोचली नव्हती! "कुणी नाही, अक्का, कुणी नाही!" असं लांबूनच ओरडलो. मग तिनं माझ्या पाठीत दोन धपाटे घातले आणि ताक पाजलं. आईनं तिच्यासाठी दिलेली बडीशेपेची पुडी दिली. "आता येत जा असाच," म्हणाली. "मी न्हाई भ्यायची."

येताना बसनं आलो. पाय दुखतात, पण गोड दुखतात. तात्यांनी जेवताना विचारलं, "मारुंजीपातूर न थांबता?" मी हो म्हणालो. त्यांनी माझ्या ताटात स्वतःच्या हातानं दूध वाढलं. नऊ तारखेला मी शेवटापर्यंत जाणार.

४ फेब्रुवारी

आईनं बनियनच्या पाठीवर लाल दोऱ्यानं "माले" टाचलंय. तिला लिहिता येत नाही, मी कोळशानं काढून दिलं होतं. काना वाकडा आलाय. असू दे.

७ फेब्रुवारी

काल सकाळी आई गेली. गोठ्यात शेण काढायला वाकली ती उठलीच नाही.

एसटी दुपारी. दिवस मावळायच्या आत माती. सारजाक्काला तोंड दिसायला हवं. तात्या माझ्याकडं बघून एवढंच म्हणाले, "पळ, बाबा."

पळालो. म्हसूनं कुत्रं धरून ठेवलं आणि काठी उंच केली. रंभाबाईनं शेणाच्या हातांनी टाळ्या वाजवल्या. भऱ्यात पोरांनी शिट्ट्या मारल्या. घोटावड्याला एक गाडीवान बैल थांबवून ओरडला, "वा रं पठ्ठ्या!" कुणीतरी मला अडवावं, विचारावं, असं सारखं वाटत होतं. एकानंही विचारलं नाही.

मारुंजीला अक्का हसतच बाहेर आली. "आज बी आलास? थांब, ताक आनते." ताकाचा तांब्या घेऊन आली, पुढं केला. मी तो घेतला नाही. खरं म्हणजे दम लागला नव्हता.

तिनं तांब्या खाली ठेवला.

"जयशा," ती म्हणाली, "कोन गेलं?"